गोधडीला बेडशीटचं अस्तर : दहा महिन्यांनंतर

परवा रात्री तिसरी सुई मोडली. एकाच गोधडीवर तिसरी. तेव्हाच ठरवलं की आता लिहून टाकायचं. गोधड्या शिवणाऱ्या आम्हा बायकांमध्ये सध्या एकच सल्ला फिरतो, "अस्तराला बेडशीट घे, स्वस्तात पडतं." सल्ला खोटा नाही. पण बेडशीट कसलं, हे कोणी सांगत नाही, आणि सगळा त्रास तिथेच आहे.

आमच्याकडे अस्तर विकत आणायची पद्धतच नव्हती. सासूबाई दिंडोरीकडच्या. त्यांच्या गोधडीला वरून-खालून नऊवारी लुगडं असायचं, वर्षानुवर्षं धुऊन रुमालासारखं मऊ झालेलं. सुई अडलीच तर त्या ती तेल लावलेल्या केसांतून एकदा फिरवायच्या, की झालं काम. आता घरात नऊवारी नेसणारं कोणी राहिलं नाही. माझ्या जुन्या साड्या निम्म्या सिंथेटिक. त्या आतल्या थरांत खपतात, अंगाला लागायला नकोत. म्हणून अस्तर विकत आणायची वेळ आली.

हिशोब आधी सांगते, कारण सुरुवात हिशोबापासूनच झाली. माझी गोधडी ६० बाय ९० इंचांची. ३६ इंच पन्ह्याचं सुती कापड घेतलं तर दोन पाट जोडावे लागतात, म्हणजे पाच मीटर. मला ते ८० रुपये मीटरने मिळालं असतं, म्हणजे चारशे, शिवाय गोटाचं, म्हणजे कडेने लावायच्या पट्टीचं, कापड वेगळं आणि नेमका पाठीखाली जोड. डबल बेडशीट ९० बाय १०८ चं येतं. मी ६६ बाय ९६ कापते, चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त, कारण शिवताना थर सरकतात. तरी २४ इंच रुंद आणि १०८ लांब असा पट्टा उरतो. त्याच्या तीन-तीन इंचांच्या आठ पट्ट्या निघतात, आणि एका गोधडीच्या गोटाला तीन पुरतात. उशीचे दोन अभ्रे ठिगळांना. हे सगळं साडेचारशेत. त्यामुळे पैशाच्या बाबतीत माझी तक्रार नाही, आजही नाही.

पहिलं बेडशीट दिवाळीनंतर हौसेनं घेतलं, ३०० थ्रेड काउंटचं, सवलतीत मिळालं म्हणून. थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे. आकडा जितका मोठा तितकी वीण दाट, आणि झोपायला ती चादर गुळगुळीत लागते. पण सुईला वाटच मिळत नाही. प्रत्येक टाक्याला 'टच्' असा आवाज. लुगड्यावर मी धावदोऱ्याचे सहा-सात टाके एका दमात सुईवर घेते, इथे दोन घेतले की सुई अडायची. छापातली मोठी फुलं जिथे होती तिथे रंगाच्या थरामुळे कापड आणखी कडक. अंगुस्तान घालून ढकलायची आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटात धरून पलीकडून ओढायची, असं चाललं. ट्यूबचा तुकडा मात्र जरूर ठेवा, सुई हातातून निसटत नाही. लुगड्याच्या गोधडीला मला तीन आठवडे लागतात, हिला सात लागले. अंगठ्याचं टोक महिनाभर बधिर होतं.

त्यानंतर मी दुकानात एक परीक्षा करायला लागले. चादरीचा एकच पदर तोंडाजवळ धरायचा आणि फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली तर सुई जाईल. नाही लागली तर ती चादर पलंगावरच घालायची, गोधडीला घ्यायची नाही.

या परीक्षेत दुसरं बेडशीट पहिल्या नंबरात पास झालं आणि तिथेच मी फसले. पाकिटावर 'ग्लेस कॉटन'. कॉटन शब्द वाचला आणि दोनशे ऐंशी रुपये दिले. सुई लोण्यात गेल्यासारखी गेली, सोळा दिवसांत गोधडी पूर्ण. जानेवारीत निफाडचा पारा उतरला की नाशिकलाही हुडहुडी भरते, त्या थंडीत ती पहिल्यांदा अंगावर घेतली. गारढोण लागली. रात्रीतून दोनदा घसरून खाली. तिसऱ्या आठवड्यात पायांकडे बारीक गोळे यायला लागले. उरलेल्या पट्ट्यातलं एक सूत ओढून काडी लावली, तर वितळून काळा टणक मणी झाला. सुती असतं तर कागद जळाल्यासारखा वास आला असता आणि बोटांत चुरडेल अशी राख राहिली असती. म्हणजे सरळ पॉलिस्टर. दुकानात गेले, तो मणी काउंटरवर ठेवला. "ताई, आम्ही कॉटन नाही म्हटलं, ग्लेस कॉटन म्हटलं. आणि कापलेला माल परत घेत नाही." अर्धा तास बोलले, उपयोग शून्य. पैशापेक्षा मला राग आला तो कॉटन शब्द असा वापरल्याचा. गोधडी तान्ह्या बाळावर, म्हाताऱ्या माणसांवर घालतात. त्यांच्या अंगाला काय लागणार हे विकत घेणाऱ्याला कळलंच पाहिजे. चार संध्याकाळी बसून टाके उसवले. ती चादर आता गव्हाच्या कोठीवर आहे. तेव्हा दोन्ही परीक्षा करा, फुंकर आणि काडी.

तिसऱ्या वेळी विकत काहीच आणलं नाही. घरातल्याच दोन जुन्या सुती चादरी काढल्या. खिडकीसमोर धरल्या तर मधोमध, जिथे माणूस झोपतो तिथे, कापड विरून जाळीसारखं झालेलं, पण दोन्ही कडा शाबूत. चादर मधून उभी फाडली, कडेचे भाग मध्ये घेऊन जोडले आणि विरलेला भाग बाजूंना नेला. तो जास्तीचा म्हणून कापून टाकला. दोन्ही चादरींचं असं करून वरून-खालून वापरलं. मघाशी मी जोडाला नावं ठेवली, पण जुन्या पातळ कापडाचा जोड नखाने दाबला की सपाट बसतो, पाठीला कळतही नाही. ही गोधडी हातात घेतली की सासूबाईंच्या गोधडीची आठवण येते. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की नवीन बेडशीट घेऊच नका.

आता ते बोलणं मागे घेते. मार्चमध्ये तिन्ही गोधड्या... म्हणजे उसवलेली सोडून दोन्ही धुतल्या. पहिलीचं अस्तर आटलं. मी ते न धुताच लावलं होतं आणि वरच्या साड्या आधीच आटून बसलेल्या. लांबी ९० ची साडेशहाऐंशी झाली आणि वर सगळीकडे झोळ आले. ती चूक माझी. उरलेला पट्टा रात्रभर गरम पाण्यात भिजवला तर सकाळी पाणी गढूळ, खळ निघालेली. वाळल्यावर त्यात सुई घालून पाहिली, तर सहज नाही, पण पहिल्यापेक्षा बरीच बरी गेली. म्हणजे दाट विणीच्या नावाने मी जे बोटं मोडत होते, त्यातला काही दोष खळीचा होता.

आणि टिकण्याचं म्हणाल तर मुलगा ती ३०० काउंटची गोधडी रोज फरशीवर अंथरून अभ्यासाला बसतो, लोळतो. दहा महिने झाले, एक धागा निघालेला नाही, गोळा नाही, रंगही फारसा उतरला नाही. जुन्या चादरीची मऊ गोधडी मात्र जुलैत दोन ठिकाणी टाक्याच्या ओळीवरच उसकटली. म्हणून आता माझ्याकडे अंथरायच्या गोधडीला दाट चादर, खळ काढून आणि मशीनवर. पांघरायच्या गोधडीला विरळ विणीची किंवा जुनी, हाताने.

परवाच्या सुया मोडल्या त्या शेजारच्या वहिनींच्या गोधडीवर. लेक बाळंतपणाला येणार, तिच्यासाठी. चादर त्यांनीच आणून दिली, ४०० काउंटची, महागाची, आणि मन मोडवेना म्हणून मी नको म्हटलं नाही. काल शेवटी मोडकी सुई घेऊनच त्यांच्याकडे गेले. त्यांना वाटलं होतं महाग चादर म्हणजे गोधडीही चांगली होणार, यात त्यांची काय चूक. मी सांगितलं, ही मशीनवर मारून लेकीला खाली अंथरायला देऊ. अंगावर घ्यायला आणि बाळाच्या दुपट्याला तुमच्या घरातली जुनी काढा. त्यांनी माळ्यावरून दोन काढल्या, एक त्यांच्या आईच्या हातची भरतकामाची. भरतकाम कापणार नाही, ते दुपट्याच्या मधोमध येईल असं बसवायचंय. गरम पाण्यातून काढून कालपासून दांडीवर आहेत, पावसामुळे अजून दमट लागतात.