पणजोबांच्या मेडलांची फ्रेम: सुतारकाम पहिल्या नंबराचं, इतिहास काठावर पास

कोल्हापुरात महाद्वार रोडवरून आत जाणाऱ्या बोळांत देवादिकांच्या तसबिरी मढवून देणारी दुकानं आहेत. त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी हल्ली घरातली जुनी लष्करी मेडलं पेटी-फ्रेममध्ये बसवून मिळतात. हे परीक्षण त्यांतल्या एका दुकानाचं. नाव देत नाही, कारण खाली लिहिलेल्या चुका एकट्या त्याच दुकानाच्या नाहीत. पद्धत सगळीकडे तीच. गिऱ्हाईकही भरपूर आहे. शिरोळच्या सैनिक टाकळीपासून आजरा-चंदगडपर्यंत घरोघरच्या ट्रंकांच्या तळाशी रुमालात बांधलेली तीन-चार मेडलं निघतात. ती मराठा पलटणीत आपणहून भरती झालेल्या पणजोबांची किंवा आजोबांची असतात. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात सक्तीची भरती नव्हती. २५ लाखांवर माणूस होता, तो स्वतः सही-अंगठा करून गेलेला.

आधी चांगलं सांगतो. सागवानी चौकट, कोपरे ४५ अंशांत कापलेले आणि फट नावाला नाही. पॉलिश हाताचं, स्प्रेचं नाही. आतली खोली दीड इंच ठेवतात, त्यामुळे मेडल काचेला टेकत नाही. टेकलं की पावसाळ्यात काचेच्या आत धरलेलं दव थेट धातूवर उतरतं, म्हणून ही दीड इंचाची गोष्ट महत्त्वाची. साधी काच आणि ॲक्रेलिक दोन्ही दाखवतात. गावाकडं एसटीनं न्यायची असेल तर ॲक्रेलिक घ्या. घरात एकाच जागी राहणार असेल तर काच बरी, ती पुसून पुसून ओरखडत नाही.

घोटाळा आत सुरू होतो. मागचा तळ एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), त्यावर लाल मखमल आणि मेडलं ग्लू गननं चिकटवलेली. दिसायला झकास. पण एमडीएफमधून आम्ल वाफा सुटत राहतात आणि बंद पेटीत त्यांना बाहेर पडायला वाट नसते. लोकरीच्या फेल्टातून गंधक सुटतं आणि चांदी वर्ष-दोन वर्षांत काळी पडते. मखमल कशाची आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं. उपाय सोपा आहे. तळाला आम्लमुक्त माउंट बोर्ड मागा. नसेलच तर एमडीएफवर ॲल्युमिनियम फॉइल पूर्ण गुंडाळून त्यावर दोनदा धुतलेलं सुती कापड ताणून घ्या. मेडल चिकटवू द्यायचं नाही. रिबिनीतून सुती दोरा घालून मागं गाठ मारली की ते वर्षानुवर्षं हलत नाही. कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी ठेवतात, ते चांगलं. पण मागची बाजू खिळे मारून खाकी टेपनं बंद करतात, मग ती पुडी बदलणार कशी? मागं फिरणाऱ्या पत्र्याच्या चिपा लावायला सांगा. सांगितलं तर लावून देतात, तक्रार करत नाहीत.

मागची बाजू उघडी हवी याचं खरं कारण मात्र पुडी नव्हे. मेडलाचा इतिहास पुढच्या राजाच्या तोंडावर नसतो, तो असतो कडेवर. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल हातात घ्या: ३६ मिलिमीटरची चांदीची चकती, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. ते उभं धरून उजेडात कड फिरवली की बारीक इंग्रजी कॅपिटल अक्षरं दिसतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. १९१४-१५ स्टार म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मेडल, त्याला कड नाही, तिथं हीच ओळ सपाट पाठीवर ठोकलेली असते. आणि ग्लू गनचा गोळा बरोबर तिथंच बसतो.

कड झिजवण्याचं काम तसं दुकानापर्यंत यायच्या आधीच झालेलं असतं. खंडेनवमीला तलवारीबरोबर मेडलंही चिंच आणि राख लावून घासायची, नाहीतर गुजरीत नेऊन पॉलिश मारून आणायची. पन्नास दसरे झाले की नावाचं पहिलं अक्षर जातं, शंभरीला नंबर जातो. दुकानातही 'चमकवून देऊ का?' हे पहिलंच विचारतात. मशीनवरची बफ लावू देऊ नका. चांदी काळी पडली असेल तर राहू द्या, तो थर खालच्या अक्षरांना सांभाळतो. फारच मळ असेल तर कोमट पाण्यात मऊ कापड, आणि लगेच पूर्ण कोरडं करणं. काशाच्या मेडलाला पाणीसुद्धा नको. मेडलं दुकानात द्यायच्या आधी प्रत्येक कडेचे तिरप्या उजेडात चार बाजूंनी फोटो काढा आणि ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवा. 'सिपॉय' हे शिपायाचं इंग्रजी रूप आहे, नाव नव्हे. आडनावांची स्पेलिंगं नोंद करणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून: जाधवचं जाधाव आणि घाडगेचं घाटगे होतं. आपल्याला चूक वाटली तरी सुधारू नका, पुढं शोध त्याच स्पेलिंगनं लागतो.

रिबिनी हा या दुकानाचा सगळ्यात कच्चा दुवा. जुनी विरलेली रिबीन काढून नवी लावतात आणि जुनी केराच्या डब्यात टाकतात. जुनी परत मागून घ्या, पाकिटात घालून फ्रेममागं ठेवा. नव्या रिबिनीची रुंदी ठीक असते, दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलांना सव्वा इंच. पट्टे चुकतात. दुकानाच्या भिंतीवरच्या नमुन्यात इटली स्टार चक्क तिरंगी रिबिनीवर टांगलेला आहे. ती केशरी-पांढरी-हिरवी तीन पट्ट्यांची रिबीन १९४७च्या स्वातंत्र्य पदकाची. इटली स्टारला पाच पट्टे असतात: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. शेजारचा १९३९-४५ स्टार उलटा लावलाय. बघणाऱ्याच्या डावीकडं गडद निळा, मध्ये लाल, मग फिकट निळा असं हवं. डावीकडून उजवीकडं क्रमही ठरलेला आहे: १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, बर्मा स्टार, इटली स्टार, डिफेन्स मेडल, वॉर मेडल (दुसऱ्या महायुद्धाचं, वरचं चांदीचं नव्हे), मग इंडिया सर्व्हिस मेडल. दुकानदार आकारानं लावतो, सहा टोकांचे स्टार दोन्ही कडांना आणि गोल मेडलं मध्ये. शोभा येते, अर्थ जातो.

आता पितळी पाटी आणि छापील माहितीपत्रक, ज्याचे वेगळे पैसे घेतात. एकच मजकूर सगळ्यांना: 'मराठा लाइट इन्फंट्रीचे शूर जवान', खाली जगाचा नकाशा, त्यावर फ्रान्सपासून ब्रह्मदेशापर्यंत लाल ठिपके. इथं काठावर पासही म्हणता येत नाही.

पहिल्या महायुद्धात एक मराठा रेजिमेंट नव्हतीच. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा स्वतंत्र पलटणी होत्या; १९२२ साली त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली आणि ११४वी बेळगावची प्रशिक्षण पलटण झाली. म्हणून कडेवर १०३, ११० किंवा ११७ असेल तर पाटीवर तोच आकडा हवा. या तिन्ही पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) गेल्या आणि कूत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस. शेवटी घोड्याचं मांस शिजू लागलं, आणि ते खायचं की नाही यावरून कितीतरी शिपाई उपाशी राहिले. शरणागतीनंतरच्या कैदेत बरेच मेले. मात्र शिपाई ११०चा होता म्हणजे तो कूतमध्ये होताच असं नाही. १९१४-१५ स्टार १९१५ संपायच्या आत रणभूमीवर उतरलेल्यांनाच मिळाला. स्टार नसून फक्त वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल असेल, तर माणूस वेढा पडल्यानंतर बोटीतून उतरला, म्हणजे आतल्या कैद्यांतला नाही. एवढी एक ओळ पत्रकात लिहिली तरी नकाशावरच्या ठिपक्यांपेक्षा जास्त कळेल.

व्हिक्टरी मेडल एकटंच उरलेलं असतं ते यामुळं, की वॉर मेडल चांदीचं आणि व्हिक्टरी काशाचं. १९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा जगभर चांदीची मेडलं वितळली. रिकाम्या जागी दुकान नक्कल लावून देतं. हरकत नाही, पण पाठीवर 'नक्कल' असं कोरून घ्या, नाहीतर पुढच्या पिढीत तीच खरी होते. आणि कृपा करून व्हिक्टरी मेडलच्या पाटीवर 'व्हिक्टोरिया क्रॉस' लिहू देऊ नका. नमुन्यांत अशी एक पाटी आहे. दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटला व्हिक्टोरिया क्रॉस दोनच मिळाले. ३/५ मराठाचे (म्हणजे पाचव्या मराठाच्या तिसऱ्या पलटणीचे) नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, इटलीतलं वरचं टायबर खोरं: सेक्शनमधले बाकी सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर चालून गेले आणि नंतर स्नायपरच्या गोळीनं गेले. त्यांचा देह सापडला नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. दुसरे १/५ मराठाचे शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी: जखमींना पाठीवर घेऊन बांध ओलांडला, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी गप्प केली. ते जगले, परत आले.

दुसऱ्या महायुद्धाचं वाचन स्टारांवरून करायचं. बेळगावात तयार झालेल्या पलटणी फार लांब लांब गेल्या. २/५ आणि ३/५ दोन्ही १९४१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढल्या. एरिट्रिया आफ्रिका स्टारमध्ये धरतात. २/५ पुढं जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला कैद झाली. कैदी म्हणून इटलीत ठेवलेल्याला त्याबद्दल इटली स्टार नाही. त्यामुळे आफ्रिका स्टार आहे आणि इटली नाही असं दिसलं तर तोब्रुकची शक्यता ध्यानात ठेवा, पण तेवढ्यावर पाटी कोरू नका. लोकांच्या बदल्याही होत. बर्मा स्टार असेल तर ४/५ आठवावी. ती मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ५०व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत पाण्यावाचून अडकली होती, विमानातून टाकलेला माल निम्माशिम्मा जपान्यांच्या हद्दीत पडत होता. २६ मार्चच्या रात्री ते बाहेर पडले. तोवर कोहिमाकडं निघालेली जपानी तुकडी अडून राहिली होती. आणि ज्याच्याकडं एकही स्टार नाही, फक्त वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल, त्याची नोकरी बहुधा हिंदुस्थानातच झाली. दुकानानं अशाही एका फ्रेमला इटलीचा नकाशा लावलेला आहे. त्यात कमीपणा काही नाही, इंडिया सर्व्हिस मेडलला तीन वर्षांची सेवा लागायची. पण खरं ते लिहा.

कोल्हापूरकरांसाठी अजून एक. कडेवर राजाराम रायफल्स असेल तर ते संस्थानचं स्वतःचं सैन्य, मराठा लाइट इन्फंट्री नव्हे. संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं आणि पुढं ती पलटण १९ मराठा झाली. सेवेचा काळ त्याआधीचा असेल तर पाटीवर राजाराम रायफल्सच लिहायचं.

माहितीपत्रक दुकानाकडून न घेता घरीच करावं. युद्धात मरण पावलेला माणूस असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. आडनावानं सापडत नाही, तेव्हा नंबर टाका; तोही नसेल तर अतिरिक्त माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा कोल्हापूरचं नाव. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं. सुखरूप परत आलेल्याची नोंद तिथं असणारच नाही, हे लक्षात न घेता लोक 'आमच्या आजोबांचं नाव वगळलं' म्हणून चिडतात. परत आलेल्यासाठी नंबर घेऊन बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज, सोबत नातं दाखवणारे कागद. गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत '१९१४-१९१९ च्या युद्धात या गावातून इतके गेले' अशी दगडी पाटी आहे का तेही बघा. १९१९ पाहून बुचकळ्यात पडू नका, व्हिक्टरी मेडलच्या पाठीवरही तोच शेवटचा आकडा आहे.

दर चौकटीच्या धावत्या फुटावर, काच वेगळी, रिबीन नगावर, पाटी अक्षरांवर. एकूण आकडा न घेता या चार ओळी वेगवेगळ्या लिहून घ्या, म्हणजे पाटी आणि रिबीन वगळून फक्त सुतारकाम घेता येतं. आमच्या मते तेच घ्यावं. सुतारकामाला पाचपैकी पाच, आतल्या मांडणीला दोन, छापील मजकुराला शून्य.

शाहूपुरी, लक्ष्मीपुरी किंवा शिरोळच्या नदीकाठी राहणाऱ्यांनी २०१९चं पाणी आठवून फ्रेम माळ्यावरच्या भिंतीला लावावी, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला नको. काम दसऱ्याला हवं असेल तर गणपतीच्या आधी टाका. गणपतीत हे लोक मखरांच्या कामात असतात. घ्यायला जाताना कडेचे फोटो सोबत न्या, मागच्या चिपा फिरवून प्रत्येक मेडल काढून ओळ ताडून बघा, आणि मगच उरलेले पैसे द्या.