गनस्मिथकडून करून घेतलेलं १९११ : सहा महिने वापरून

गेल्या शनिवारच्या मॅचमध्ये टाइम्ड फायरच्या (वीस सेकंदांत पाच गोळ्या) तिसऱ्याच गोळीला काडतुसाची रिकामी केस स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, तोंडात उभी अडकली. आलिबाय (पिस्तूल अडकल्यावर मिळणारी सवलत) मागून फेरी पुन्हा मारता आली, पण गनस्मिथला, म्हणजे बंदुकांचं काम करणाऱ्या कारागिराला, ९०० डॉलर मोजून आणि पाच महिने वाट बघून करून घेतलेल्या १९११ पिस्तुलाने असं करावं, याचा फार संताप आला. म्हणून हे लिहायला बसलो.

मी ओहायोत बुल्सआय मारतो, म्हणजे एका हाताने पिस्तूल धरून अचूक नेमबाजी. मॅचचे .२२, सेंटरफायर आणि .४५ असे तीन भाग असतात. सेंटरफायरसाठीही हेच पंचेचाळीस (.४५ कॅलिबरचं) वापरतो, त्यामुळे २७०० गुणांच्या एका मॅचमध्ये याच मुठीतून १८० गोळ्या जातात.

ट्रिगर उत्तम झालाय. नियमाने किमान लागणारं साडेतीन पौंडांचं वजन न सुटता आरामात उचलतो आणि पावणेचारला काच तुटावी तसा सुटतो. त्याहून हलका करायला हा माणूस तयारच नसतो. सिअर (हॅमर अडवून धरणारा तुकडा) आणि हॅमरच्या हुकांची पकड कमी केली, तर स्लाइड बंद होताना हॅमर घसरू शकतो, म्हणतो. मला हे पटलं. नवी बॅरल (नळी) आणि तिला पुढच्या टोकाला धरणारं बुशिंगही अशी घट्ट बसवलीत की टेकू देऊन मारलं तर ५० यार्डांवर गोळ्या दहा गुणांच्या ३.३६ इंची वर्तुळात राहतात.

आता चेकरिंग, म्हणजे पकड घसरू नये म्हणून मुठीवर कोरलेली रेघांची जाळी. मुठीच्या पुढच्या बाजूला इंचाला २० रेघा घ्यायच्या की ३०, असं त्याने विचारलं होतं. पैसे तेवढेच, मग जाड का नको, म्हणून मी २० सांगितल्या. कानशीने हाताने घातलेलं काम आहे, एक रेघ वाकडी नाही. पण पहिल्याच मॅचनंतर मधल्या बोटाची साल निघाली. मे-जून मी बोटाला टेप लावून काढले. भांडी घासताना झोंबायचं. एकदा कापलेला धातू परत भरता येत नाही, हे मनातून जाईना. टोकं बोथट करून द्या, असं सांगायला फोन हातात घेतला होता.

मग ऑगस्ट आला. घामाने हात निथळत असताना रॅपिड फायरच्या पाचही गोळ्यांत मूठ जागची हलली नाही. तेव्हा मत बदललं. रेघा राहू दिल्या आणि बोट वाचवायला २३० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) स्वस्त बॉल, म्हणजे साधी पूर्ण भाराची काडतुसं, सोडून १८५ ग्रेनची हलकी काडतुसं घेतली.

आणि तिथेच केस अडकायला लागली. फोनवर चढ्या आवाजातच बोललो. त्याने शांतपणे एकच विचारलं, "गोळी बदललीत का?" म्हणाला, आत स्लाइड परत पुढे ढकलणारी १६ पौंडांची स्प्रिंग आहे, हलक्या काडतुसाने स्लाइड पुरती मागे जात नाही. १२ पौंडांची घातली, ८ डॉलरला. काल १०० गोळ्या मारल्या, एकही अडकली नाही. तरी माझं म्हणणं आहे की बुल्सआयवाल्याचं पिस्तूल देताना ती स्प्रिंग डब्यात हवीच होती. ९०० घेतल्यावर ८ चं काय!

पहिल्यांदा देणाऱ्यांसाठी: आपलंच पिस्तूल कामाला देऊन परत घेताना ४४७३ फॉर्म (अमेरिकेत दुकानातून बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म) पुन्हा भरावा लागत नाही.

आता .२२ सुद्धा त्याच्याकडेच देतोय. रेघा ३०, आणि मी मारतो ती काडतुसं सोबतच देणार आहे.