कुर्ल्याचा सीएसटी रोड: कमी खपलेल्या गाड्यांसाठी जुने पार्ट

मुंबईत जुने पार्ट कुर्ल्याला आणि नवे ऑपेरा हाऊसला, हे गॅरेजवाल्यांना पाठ असतं. कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडवरच्या बाजारात वॅगनआर, सँट्रो किंवा इनोव्हाचा पार्ट मिळवायला फारशी अक्कल लागत नाही. खरी कसोटी लागते ती जुनी १.३ पेट्रोल स्विफ्ट, डिझेल झेन, जिप्सी किंवा सीव्हीटीची (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) होंडा सिटी असेल तेव्हा. अशा गाड्यांसाठीही मी कुर्ल्याचंच नाव घेईन, मात्र तिथे इंजिन कोड, पार्ट नंबर आणि खराब झालेला जुना पार्ट घेऊनच जावं.

याचं कारण बाजाराच्या रचनेत आहे. एका गाळ्यात फक्त गिअरबॉक्स, दुसऱ्यात हेडलाइट, तिसऱ्यात दरवाजे आणि बॉनेट. कापलेली गाडी अशी दहा ठिकाणी वाटली जाते आणि माल सगळ्यात जास्त खपणाऱ्या गाडीच्या नावाने ओळखला जातो. ‘स्विफ्ट पेट्रोलचं हेड’ (इंजिनाचा वरचा भाग, सिलिंडर हेड) मागितलंत तर १.२ लिटरच्या के-सीरीजचं हेड समोर येणार, कारण २०१० पासून २०२४ पर्यंतच्या गाड्या तेच इंजिन घेऊन आल्या. त्याआधीच्या स्विफ्टमध्ये १२९८ सीसीचं, जी१३बीबी कोडचं इंजिन आहे. हेच इंजिन एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्यूएल इंजेक्शनची) एस्टीम, व्हर्सा आणि नंतरच्या जिप्सी किंगमध्येही आलं. म्हणून ब्लॉक, क्रँक किंवा हेड हवं असेल तर या चारही नावांनी विचारा. एस्टीम आणि स्विफ्टमध्ये इंजिन आडवं बसतं, व्हर्सा आणि जिप्सीत उभं. त्यामुळे सम्प (खालची ऑइलची टाकी), मॅनिफोल्ड, माउंटिंग ब्रॅकेट आणि गिअरबॉक्स या दोन जोड्यांत एकमेकांना चालतील असं धरू नका. सेन्सर आणि वायरिंग तर आपल्याच इंजिनाचं जपून ठेवावं.

डिझेल झेनचंही असंच. तिचं १५२७ सीसीचं इंजिन प्यूजोचं, टीयूडी५. डिझेल एस्टीममध्ये तेच आहे आणि पाल-प्यूजो ३०९ च्या डिझेलमध्येही तेच होतं. गाळेवाल्याला प्यूजो आठवत नसेल, पण एस्टीम डिझेल म्हटलं की त्याला लगेच समजतं.

१.३ मल्टिजेट डिझेल इंजिनात अडचण उलटी आहे. माल ढिगाने पडलेला असतो आणि म्हणूनच चुकीचा गळ्यात पडतो. स्विफ्ट, रिट्झचं इंजिन ७५ पीएसचं, साध्या टर्बोचं. लिनिया, मांझा, एसएक्स४ यांच्या ९० पीएसच्या इंजिनावर व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो (आतल्या हलत्या पात्यांचा) आहे. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच वाटतात. टर्बोच्या प्लेटवरचा नंबर जुळल्याशिवाय पैसे काढू नका.

जिप्सीवाल्यांना सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. १९९३ मध्ये वाइड ट्रॅक (चाकांमधलं अंतर जास्त असलेली) जिप्सी आली, त्याआधीच्या नॅरो ट्रॅकचं अ‍ॅक्सल हाउसिंग अरुंद आहे. गाळ्यात दोन्ही शेजारी शेजारी पडलेली असतात आणि ग्रीसच्या थरात फरक कळत नाही. घरून आपल्या हाउसिंगची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठकींमधलं अंतर टेपने मोजून न्या. अ‍ॅक्सल शाफ्टच्या टोकाचे स्प्लाइन (खाचा) हेही मोजा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्राउन-पिनियनचा (डिफरेन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांचा) रेशो. डिफरेन्शियल सुटं पडलेलं असेल तर एका दातावर खडूची खूण करून क्राउनचे दात मोजा, मग पिनियनचे. ३७ आणि ९ असतील तर रेशो ४.११, ४३ आणि ११ असतील तर ३.९०९. पुढचं आणि मागचं डिफरेन्शियल वेगळ्या रेशोचं बसलं तर टू-व्हीलमध्ये काही जाणवत नाही. फोर-व्हीलमध्ये टाकून डांबरी रस्त्यावर चालवलं की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांना ओढतात, ट्रान्सफर केसवर ताण चढतो आणि फोर-व्हीलचा लिव्हर बाहेर निघता निघत नाही. म्हणून रेशोबद्दल शंका असेल तर पुढची-मागची जोडी एकाच गाडीची घ्यावी. दोन सुटी डिफरेन्शियल स्वस्त पडतात म्हणून घेणं इथे खरोखर महागात जातं.

इंजिन घेताना फक्त सुरू करून दाखवलं म्हणून समाधान मानू नका. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, चांगल्या बॅटरीवर कॉम्प्रेशन बघा. सुझुकीच्या पेट्रोल इंजिनात दोन सिलिंडरमधला फरक १४ पीएसआयच्या आत हवा. थंड इंजिनात एकूण आकडा कमी येतो, त्यावर रुसू नका, फरक महत्त्वाचा. ऑइलचं झाकण उघडून आत पांढरट चिकट थर आहे का तेही पाहा. असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलं असण्याचा संशय घ्या. गिअरबॉक्सचं तेल बोटावर काढा: बारीक राखाडी चिकटा चालतो, धातूचे चमकते तुकडे दिसले की उठा.

सिटीच्या जुन्या सीव्हीटीबद्दल माझं मत कडक आहे. तिचा स्टार्ट क्लच (गाडी सुटताना जोडला जाणारा) आणि आतला पट्टा बाहेरून तपासता येत नाही. गाडी सुटताना येणारी थरथर हा या गिअरबॉक्सचा ओळखीचा आजार, आणि तो जमिनीवर पडलेल्या गिअरबॉक्समध्ये दिसणं अशक्य. गाडी कापण्याआधी चालवून बघायला मिळाली तरच घ्या. बसवल्यावर होंडाचंच सीव्हीटी तेल आणि स्टार्ट क्लचचं कॅलिब्रेशन, दोन्ही लागतं.

इम्मोबिलायझर (आपल्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) एकटा घेऊन उपयोग नाही. ईसीएम, इम्मोबिलायझर युनिट आणि चिपची चावी एकाच गाडीची असेल तरच सौदा करा. ब्रेकचे रबर, टायमिंग बेल्ट आणि एअरबॅग मात्र जुन्या बाजारातून कधीच घेऊ नयेत. काच, दरवाजे, सीट, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक यांत कुर्ल्याला तोड नाही. दुर्मिळ व्हेरियंटचं ट्रिम नवं मिळतच नाही, ते इथेच सापडतं.

भावाचं म्हणाल तर जुना पार्ट बदल्यात दिला की किंमत उतरते. ‘चेकिंग गॅरंटी’ म्हणजे बसवून चालला नाही तर बदलून देणं. मुदत किती दिवसांची आणि पैसे परत की फक्त बदली, हे बिलावरच लिहून घ्या. इंजिनाच्या बिलावर इंजिन नंबर हवाच, कारण बदललेल्या इंजिनाची आरसीवर नोंद आरटीओत करावी लागते. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर ते इंजिन कितीही स्वस्त असलं तरी तिथेच सोडून द्या.