लेव्हेनहूक यांच्या सूक्ष्मदर्शकाची पितळी प्रतिकृती: तीन आठवड्यांच्या वापरानंतर

सतराव्या शतकातील डच सूक्ष्मजीव-निरीक्षक आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांच्या एकभिंगी सूक्ष्मदर्शकाची पितळी प्रतिकृती मी गेल्या महिन्यात ऑनलाइन मागवली आणि तीन आठवडे जवळजवळ रोज वापरली. दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये मोहरीएवढे भिंग, मागे नमुना टोचण्याची सुई आणि ती हलवणारे स्क्रू, एवढाच हा ऐवज असून तो तळहातात सहज मावतो. घडण चोख आहे आणि स्क्रूचे आटे घट्ट बसतात. भिंगाच्या कडेला मात्र डिंकाचा डाग होता, जो विक्रेत्याने पाठवण्यापूर्वी पुसायला हवा होता.

हे यंत्र डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे धरावे लागते. कांद्याचा पापुद्रा पहिल्याच दिवशी स्वच्छ दिसला. पाण्याने मात्र परीक्षा पाहिली. मिरी तिखट का लागते हे शोधताना लेव्हेनहूक यांना मिरीच्या पाण्यात इवले जीव दिसले होते आणि १६७६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ते लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्राने सविस्तर कळवले होते. म्हणून मीही मिरी आठवडाभर भिजवून ते पाणी बारीक काचनळीत घेतले. दोन संध्याकाळी नुसते धुके दिसले. डाग पुसल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीशी श्वास रोखून उभा असताना, एक फिकट ठिपका आडवा सरकला, थांबला आणि वळून मागे गेला. हात जरा हलला आणि तो हरवला.

रॉयल सोसायटीतील विद्वानांना त्या पत्रावर चटकन विश्वास का ठेवता आला नाही, हे मला त्या क्षणी पटले. पत्र लिहिणारा नेदरलँड्समधील डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी, विद्यापीठात न शिकलेला, लॅटिन न येणारा. आणि त्याने पाहिलेले इतरांना सहजी दिसत नव्हते. लेव्हेनहूक यांनी गावातील प्रतिष्ठितांना ते जीव दाखवून त्यांच्या लेखी साक्षी लंडनला पाठवल्या. अखेर १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी सोसायटीच्या सभेत ते जीव प्रत्यक्ष दाखवले, तेव्हा शंका मिटली. १६८० च्या आरंभी सोसायटीने लेव्हेनहूक यांना सभासद म्हणून निवडले आणि सनद चांदीच्या पेटीतून पाठवली. माझ्या दृष्टीने हा मान त्या विलक्षण भिंगांइतकाच, वर्षानुवर्षे न कंटाळता पाहत राहणाऱ्या डोळ्यांचाही होता.

म्हणूनच सोबतच्या माहितीपत्रकातील चूक मला फार खटकली. सभासदत्व स्वीकारण्यासाठी लेव्हेनहूक लंडनला गेले, असे त्यात छापले आहे. प्रत्यक्षात ते सोसायटीच्या एकाही सभेला गेले नाहीत. १७२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत डेल्फ्टमधूनच, आपल्या डच भाषेत, पत्रे लिहीत राहिले. मृत्युपत्रान्वये त्यांनी २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक सोसायटीला दिले, पण पुढे ते सारे गहाळ झाले. एवढ्या मोठ्या माणसाचे नाव लावून वस्तू विकताना एक पान तरी तपासून छापावे.

साध्या शालेय सूक्ष्मदर्शकाच्या किमतीत याहून स्पष्ट आणि सोपे दृश्य मिळते, त्यामुळे केवळ अभ्यासासाठी ही प्रतिकृती घेऊ नये. ते पत्र कसे लिहिले गेले असेल हे हाताने समजून घ्यायचे असेल, तर मात्र जरूर घ्यावी. सुई डोळ्याच्या अगदी जवळ येते, म्हणून लहान मुलांना देताना शेजारी बसावे.