अनोळखी नंबर: पैसे भरून शोधायचा की फुकटात?
मावशी विचारत होती, अनोळखी नंबर कोणाचा ते दाखवणाऱ्या ट्रूकॉलर ॲपचं प्रीमियम, म्हणजे पैसे भरायचं रूप, घेऊ का?

खर्चाचं पाहिलं तर अँड्रॉइड फोनवर नाव फुकटातही दिसतं. पैसे भरून मुख्यतः जाहिराती जातात, आपलं प्रोफाइल कोणी पाहिलं तेही कळतं.

खात्री मात्र दोन्हीकडे सारखीच. नावं लोकांनीच पुरवलेली, त्यामुळे ‘पप्पू गॅसवाला’ प्राध्यापक निघू शकतो! त्यापेक्षा यूपीआय ॲपमध्ये नंबर टाका. बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, अर्थात त्या नंबरला यूपीआय जोडलेलं असेल तर. १४० ने सुरू होणारा फोन जाहिरातीचा, हे ओळखायला ॲपही नको.

दिवसभर अनोळखी गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्याला जाहिराती नकोशा असतील, तर प्रीमियम ठीक. मावशीला फुकटचं पुरे. संशयास्पद फोनची तक्रार ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलच्या ‘चक्षू’ विभागात करा; पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.