घरात सिलिॲकचं माणूस असेल तर घरघंटी घ्यावी का? आमचा अनुभव

घ्या. बाकी कुठल्या घराने घ्यावी असं माझं म्हणणं नाहीये, कोपऱ्यावर चांगली गिरणी असताना वीसेक हजार घालून ते धूड स्वयंपाकघरात आणून ठेवायची मला काडीची हौस नव्हती, पण लेकीला सिलिॲक निघालं, म्हणजे गहू, जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं झिजवणारा आजार, आणि गहू, जव बंद झाले तेव्हा सगळ्यात आधी अडलं ते दळणाशी. भाकरी तर आम्ही सोलापूरकडचे, जन्मापासून खातोय. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, कशातच ग्लूटेन नाही. मग अडतंय कुठं असं सगळे विचारतात. अडतंय गिरणीत.

गिरणीत ज्वारीवर ज्वारी आणि गव्हावर गहू दळून देतात हे बरोबर, पण ते चवीसाठी आणि पीठ मिसळू नये म्हणून, सिलिॲकसाठी नाही. आधीच्याचा गहू संपला की वरून मूठभर ज्वारी सोडून जातं साफ करतात आणि तुमचा डबा लावतात. शिवाय गिरणीच्या हवेतच गव्हाचं पीठ असतं, काकांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असतात. आता हिशोब बघा. एक ग्रॅम कणकेत साधारण 80 ते 100 मिग्रॅ ग्लूटेन असतं आणि सिलिॲकवाल्याने दिवसाला 10 मिग्रॅच्या आत राहावं असं धरतात. म्हणजे चिमूटभर कणीक आपल्या ज्वारीच्या पिठात आली की रोजची मर्यादा गेली. आमचे गिरणीवाले काका भला माणूस, मी सांगितल्यावर सकाळी गिरणी उघडल्या उघडल्या पहिलं दळण आमचं घेतो म्हणाले, पण आदल्या रात्रीचं शेवटचं दळण गव्हाचंच असणार ना.

मग पाकिटातलं ग्लूटेन फ्री पीठ आणून बघितलं. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याच्या नियमाप्रमाणे ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोला 20 मिग्रॅच्या वर ग्लूटेन चालत नाही, त्यामुळे त्या बाबतीत निर्धास्त. पण बऱ्याच पाकिटांत तांदूळ, मका, टॅपिओका असा नुसता स्टार्चचा भरणा, पोळी गरम असेपर्यंत ठीक, डब्यात गेली की पापडासारखी, आणि भाव ज्वारीच्या तिप्पट-चौपट. प्रवासाला एखादं पाकीट जवळ असावं, रोजच्याला परवडत नाही आणि पोटालाही त्यातून फार काही मिळत नाही.

तर घरघंटी. कंपनीचं नाव टाकत नाही, दुकानात फिरून बघितलं तर बहुतेकींची घडण एकच, एक एचपीची मोटर, घरातल्या साध्या प्लगवर चालते, वर धान्याचा हॉपर, आत फिरणारी पाती, त्याखाली जाळी आणि तळाला पिठाचा डबा. जाळ्या चार-पाच मिळतात, भरड हवं तर मोठ्या भोकाची, पीठ हवं तर बारीक.

आमचं पहिलं मशीन आलं ते परत पाठवावं लागलं, ही गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण नेमकं हेच तुमच्या बाबतीत होऊ शकतं. दुकानदाराला मी तीन-तीनदा सांगितलं होतं की सीलबंद पेटीतलं द्या, डेमोचं नको, घरात आजारी माणूस आहे. हो हो म्हणाला. मशीन आलं, पेटी वरून चकाचक. जोडणारा मुलगा म्हणाला ताई अर्धा किलो गहू आणा, चालवून दाखवतो. गहू घरातच नाही म्हटल्यावर तो गोंधळला, मग आपल्या पिशवीतून पुडी काढायला लागला, सगळीकडे गव्हावरच दाखवतात म्हणे. त्याला थांबवलं आणि म्हटलं आधी उघडून दाखव. मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर जाळीच्या खाचेत तपकिरी पिठाची रेघ आणि डब्याच्या मागच्या कोपऱ्यात गव्हाचे दोन दाणे. नव्या मशीनमध्ये! दुकानदार फोनवर म्हणे ब्रशने काढून टाका की, त्याने काय होतंय. फोटो पाठवले, बिलावर सीलबंद लिहून घेतलं होतं ते दाखवलं, तेव्हा कुठे भांडून बदलून मिळालं. दुसरं आलं ते खरंच कोरं होतं, तरी आम्ही पहिले दोन-तीन किलो तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढलं, कारण कारखान्यात कशावर चालवून बघतात ते कोणी छातीठोक सांगेना.

आता दळणाबद्दल. ज्वारी एक नंबर. मालदांडी आणते, बारीक जाळीवर गिरणीसारखंच पीठ येतं, आणि खरा फायदा ताजेपणाचा. ज्वारीच्या पिठाची विरी जाते हे ज्याला भाकरी येते त्याला माहितीये, जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेने फाटत जाते, मग उकड काढा, तांदळाचं पीठ घाला अशा खटपटी. आता दोन-तीन दिवसांपुरतंच दळते, आधणाचं पाणी घालून मळलं की पोरीला शाळेत न्यायला मऊ भाकरी होते. बाजरीचं तर अजूनच, पीठ आठवड्याने कडवट लागायला लागतं, ते आता होत नाही. नाचणी चांगली निघते पण धुऊन खडखडीत वाळवलेली पाहिजे, जरा ओलसर राहिली की जाळी बुजते आणि मोटर कण्हायला लागते. मोदकाच्या पिठीचे तांदूळ पण असेच, सावलीत दोन दिवस वाळवल्याशिवाय घालू नका. राजगिरा मोठ्या जाळीतून अख्खाच खाली येतो, बारीक लावावी लागते. शेंगदाणे, तीळ अजिबात नाही, तेल सुटून लगदा होतो, ते मिक्सरवरच.

सगळ्यात जास्त वसूल झाली ती भाजणीत. विकतच्या थालीपिठाच्या भाजणीत गहू असतोच, मेतकुटातही मूठभर असतो, सातूच्या पिठाचं तर बोलायलाच नको. आता ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने-जिरे भाजून घरीच दळते, गव्हाच्या जागी थोडी नाचणी, थालीपीठ जरा काळपट दिसतं पण खुसखुशीत होतं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, आता स्वतःसाठी वेगळा डबा भरून ठेवतात. सासऱ्यांचं मात्र अजून चालूच असतं की आमच्या वेळी असले आजार नव्हते. अहो नेदरलँड्समधल्या डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाने 1940 च्या दशकातच दाखवलं होतं की गहू बंद केला की ही मुलं सुधारतात, युद्धात पावाची टंचाई झाली तेव्हा ते जास्त लख्ख दिसलं. आपल्याकडेही गहू खाणाऱ्या उत्तरेत हा आजार चांगलाच आहे, आपल्या भागात कमी दिसतो म्हणून डॉक्टरांच्याही पटकन मनात येत नाही.

पण मशीन आलं म्हणजे सगळं शुद्ध झालं असं नाही, हे लक्षात घ्या. धान्यच गव्हाची संगत करून येतं. किराणा दुकानात एकाच मापाने सगळी पोती उपसतात, आमच्या बाजरीत गव्हाचे दाणे हमखास निघतात. ताटात पातळ पसरून निवडायची, चाळायची, धुवायची, वाळवायची, मग हॉपरमध्ये. हे काम कंटाळवाणं आहे, कोणी कितीही हेल्दी हेल्दी म्हणू दे, रविवारचे दोन तास त्यात जातात. आणि हिंग! बांधानी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. रोजच्या आमटीतून जाणार ते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो तो बघून घ्या. सोया सॉसमध्ये गहू, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव, दुकानातल्या बटाटेवड्याचं बेसन चांगलं असलं तरी त्याच तेलात समोसे तळलेले.

तोटे सांगायचे तर आवाज. मिक्सर सलग अर्धा तास चालू ठेवल्यासारखा, दुपारी खालच्या आजी झोपलेल्या असताना लावता येत नाही. दार बंद असलं तरी बारीक पीठ उडतंच, कापडी फिल्टर दर खेपेला झटकावा लागतो, नाहीतर डब्यात पीठ पडायच्या ऐवजी फटीतून बाहेर. साफसफाईचा ब्रश सोबत येतो तो अगदीच फालतू, रंगाच्या दुकानातून दोन इंची नवा ब्रश आणलाय. सर्व्हिसला फोन केला की माणूस येतो पण चार-पाच दिवसांनी, आणि तो येताना दुसऱ्याच्या घरातली जाळी लावून बघू का म्हणतो तेव्हा स्पष्ट नाही म्हणायचं.

आता गोळ्यांबद्दल लिहिते, कारण दळण बदललं की सगळं भरून निघेल असं मला पण वाटायचं आणि बरेच जण तेच विचारतात. लेकीचं हिमोग्लोबिन आठाच्या आसपास अडकलं होतं, उंची थांबली होती, लोहाची औषधं पाजून पाजून आम्ही थकलो. मागून कळलं की लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात आणि सिलिॲक नेमकी तिथलीच शोषणारी लव झिजवतं. गहू सुटेपर्यंत वरून कितीही घाला, फार काही लागत नाही. गहू सुटल्यावर तेच लोह लागू पडायला लागलं. आमच्या डॉक्टरांनी लोह, फॉलिक ॲसिड, बी 12, कॅल्शियम आणि आठवड्यातून एकदा 60,000 युनिटचं डी 3 असं दिलं होतं, मात्रा प्रत्येकाची रिपोर्टवर ठरते, माझ्या पोरीची बघून तुम्ही घेऊ नका. डी 3 ची पुडी रोजची समजून घेणारे लोक आहेत, ते फार धोक्याचं आहे.

लोह आणि कॅल्शियम एकत्र द्यायचं नाही, एकमेकांच्या आड येतात. आम्ही लोह सकाळी लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम रात्री जेवताना असं ठेवलंय. लोहाच्या आगेमागे तासभर चहा नाही, आमच्याकडे हा नियम पाळणं गहू सोडण्यापेक्षा अवघड गेलं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिग्रॅच्या घरात, म्हणून सकाळी आंबील असतेच, पण त्यातलं सगळंच अंगी लागत नाही, त्यामुळे नाचणी खाते म्हणून मनानेच गोळी बंद असं करू नका.

आणि गोळी तरी ग्लूटेन फ्री आहे का? पट्टीवर नुसतं एक्सिपियंट्स, म्हणजे औषध सोडून गोळीत घातलेले बाकीचे पदार्थ, एवढंच लिहिलेलं असतं. स्टार्च बहुतेक वेळा मक्याचा असतो, पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. मी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाकते, उत्तर येतं, लेखी येतं, ते जपून ठेवते. केमिस्टला विचारून उपयोग नाही, आमच्या केमिस्टने विचारलं की गोळीत कसला गहू. मल्टिव्हिटॅमिनच्या काही मऊ कॅप्सूलमध्ये व्हीट जर्म ऑइल असतं, ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, आणि गव्हांकुराची पावडर कोणी ताकदीची म्हणून आणून दिली तर हात जोडून परत.

एक कळकळीचं. नुसतं पोट फुगतंय म्हणून गहू सोडून घरघंटी घ्यायला निघाला असाल तर आधी टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी करून घ्या, सोबत टोटल आयजीए, आणि ती गहू खात असतानाच. गहू सोडून काही महिने गेले की तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासायचा तरी पुन्हा गहू खायला लावतात. आमच्या ओळखीतल्या एका ताईंचं असंच झालं, पुन्हा पोळ्या खाऊन बेजार झाल्या बिचाऱ्या.

मशीनला पाचपैकी चार. एक आवाजाचा कापला, दुकानदाराचे वेगळे कापायची सोय नाही. घेताना बिलावर सीलबंद लिहून घ्या, जास्तीची बारीक जाळी तेव्हाच मागून घ्या, नंतर सुटी जाळी मागवली तर लवकर मिळत नाही. सेकंडहँड कितीही स्वस्त असली तरी नको, पातीच्या मागे कुठे काय बसलंय ते धुता येत नाही. परात, पोळपाट, तवा आणि चाळणीसुद्धा वेगळी करा, चाळणीच्या तारेत कणीक अडकून राहते.

आमच्या मजल्यावरच्या वहिनी तांदूळ, नाचणी दळायला आणतात, मी देते दळून, फक्त ते माझ्यासमोर निवडायचं या अटीवर. मागे लापशीसाठी वाटीभर गहू भरडून मागत होत्या, एवढ्याने काय होतंय म्हणाल्या. त्यांना म्हटलं काकांची गिरणी साडेआठला उघडते.