घरगुती पदार्थ विकणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस: कमाई कुठे वाढते, कुठे गळते

पापड, कुरडया, भाजणी, मसाले घरून विकणाऱ्या बायकांना व्हॉट्सॲप बिझनेस या धंद्यासाठीच्या ॲपइतकं फुकटात मिळणारं सोयीचं दुकान दुसरं नाही. पण ॲप टाकलं म्हणून ऑर्डरी येत नाहीत.

खरा उपयोग कॅटलॉगचा, म्हणजे ॲपमधल्या वस्तूंच्या यादीचा. त्यात 500 वस्तू बसतात, पण सुरुवातीला दहा-बारा पुरेत. प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन, भाव आणि किती दिवस टिकेल हे लिहाच. 'भावासाठी मेसेज करा' लिहिलं की गिऱ्हाईक पुढे सरकतं. फोटो दिवसा खिडकीपाशी काढा. ट्यूबलाइटखाली काळा मसाला मातकट दिसतो.

एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण घेता येतात, मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पाकिटावर एफएसएसएआयच्या (अन्न विक्रीची सरकारी नोंदणी) 14 अंकी क्रमांकासोबत 'हा नंबर सेव्ह करा' हेही छापा. रोज मेसेज टाकले तर लोक ब्लॉक करतात, आणि तक्रारी वाढल्या की नंबरच बंद होतो. आठवड्यातून एक मेसेज, त्यात ऑर्डर कधीपर्यंत घेणार ते स्पष्ट. ज्यांचे पैसे यायचेत त्यांच्या चॅटला 'पैसे बाकी' हे लेबल न चुकता लावा, उधारी तिथेच सापडते.

आता हिशोब. समजा किलोभर भाजणीला 140 रुपये खर्च येतो. दुकानदार ती 180 ला घेऊन 240 ला विकतो. थेट 240 ला विकली तर सुटतात 100. पण एकाच किलोसाठी 50 रुपये रिक्षाला आणि 10 पिशवीला गेले, की पुन्हा 40 च उरले, वर फेरी तुमची. पोचवण्याचा दिवस ठरवून एका सोसायटीच्या ऑर्डरी एकत्र नेल्या तरच ॲप परवडतं.

पैसे आल्याची खात्री स्क्रीनशॉटवर करू नका, स्वतःच्या यूपीआय ॲपमध्ये जमा दिसू दे. पैसे घ्यायला पिन लागत नाही; कोणी मागितला तर ती फसवणूक.

सर्वात मोठी चूक इथेच होते: राबते बाई, क्यूआर कोड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याचा. मग वर्षभराची उलाढाल त्याच्या पासबुकात दिसते, आणि कर्ज मागायला गेल्यावर तिच्या नावावर दाखवायला काही नसतं. सिम, बँक खातं, यूपीआय तिन्ही तिच्याच नावावर घ्या. व्हॉट्सॲपमधला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा आणि सिमचं रिचार्ज संपू देऊ नका; नंबर गेला तर गिऱ्हाइकंही त्याच्याबरोबर जातात.